वसईचा बिशप कोण नेमतं? धर्मप्रांत नावाचा कारभार, सोप्या भाषेत

२०२४ मध्ये वसईला थॉमस डिसोजा हे नवे बिशप मिळाले. २०२५ च्या जानेवारीत मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस निवृत्त झाले आणि आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज आले. दोन्ही वेळा वसईत तेच प्रश्न ऐकू आले. ही बदली म्हणायची की बढती? मुंबईचे साहेब बदलले म्हणजे वसईतही काही बदलणार का? वसईचे आधीचे बिशप फेलिक्स मच्याडो तर आर्चबिशप होते, मग त्यांच्या जागी नुसते बिशप कसे? वसईचा दर्जा घसरला की काय?

दर्जा घसरलेला नाही. हे प्रश्न पडतात याचं कारण असं की आपण या सगळ्याकडे सरकारी उतरंड म्हणून बघतो, आणि कॅथलिक चर्चची रचना तशी नाही.

## आधी चार शब्द

धर्मग्राम म्हणजे एका चर्चची हद्द. पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गास, गिरीज ही वसईतली नावं धर्मग्रामांची म्हणूनही घेतली जातात. धर्मग्रामाचा कारभार प्रमुख धर्मगुरूकडे असतो, आणि त्याला आपण सरसकट फादर म्हणतो. असे बरेच धर्मग्राम मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख असतो बिशप. शेजारशेजारचे काही धर्मप्रांत मिळून एक प्रदेश होतो. त्यातला एक धर्मप्रांत मुख्य मानला जातो. त्याला महाधर्मप्रांत आणि त्याच्या बिशपला आर्चबिशप म्हणतात.

कार्डिनल ही यातली पायरीच नव्हे. पोपनी दिलेला तो वेगळा मान आहे. ऐंशी वर्षांखालच्या कार्डिनलला नवा पोप निवडताना मत देता येतं, एवढाच त्याचा ठोस अधिकार. गावच्या कारभाराशी त्याचा संबंध नाही.

आता मच्याडोंचं कोडं. त्यांना मिळालेलं आर्चबिशप हे पद व्यक्तीला दिलेलं होतं, वसईला नव्हे. वसई तेव्हाही धर्मप्रांत होता आणि आजही धर्मप्रांतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी वयाची ७५ वर्षं पूर्ण केली, आणि त्या वयाला प्रत्येक बिशपने पोपकडे राजीनामा सादर करायचा असतो. तो लगेच मंजूर होतोच असं नाही. इथे तो २०२४ मध्ये झाला.

हे सगळं कॅथलिकांपुरतं, बरं का. कोकणातले सगळे ख्रिस्ती कॅथलिक नाहीत. १९७० साली काही प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांचेही बिशप आणि धर्मप्रांत आहेत, पण ते पोपच्या अधिकाराखाली नाहीत.

## चर्च जागच्या जागी, धर्मप्रांत मात्र बदलता

समजा, १९२० साली नंदाखालला एका मुलाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. तेव्हा तो दमण धर्मप्रांतातला. पंचवीस वर्षांनी त्याच चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं, तेव्हा तो मुंबई महाधर्मप्रांतातला. त्याच्या पणतूचा स्नानसंस्कार २००० साली, त्याच वेदीसमोर, आणि तो वसई धर्मप्रांतातला. घर हललं नाही, चर्चही हललं नाही. मग बदललं काय?

त्यासाठी १५३४ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दमणपासून चौलपर्यंतचा मुलूख पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ झाला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा धर्मगुरूंच्या सगळ्या संघांचे मठ वसईत उभे राहिले. किल्ल्यात फिरताना जी पडकी चर्च दिसतात ती यांचीच. धर्माच्या बाबतीत हे सगळं गोव्याच्या हाताखाली.

आणि गोवा कोणाच्या हाताखाली? इथे एक व्यवस्था कळली पाहिजे, कारण पुढची चारशे वर्षं सगळी भांडणं तिच्यावरून झाली. पोपनी पोर्तुगालच्या राजाला सांगितलं: तू चर्च बांध, धर्मगुरूंना पोस, त्यांना बोटीने पाठव, त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे नाव तू सुचव. या कराराला पदरोआदो म्हणतात. राजाकडे पैसा आणि गलबतं होती तोवर हे चाललं. सतराव्या शतकात पोर्तुगाल डबघाईला आलं. खर्च झेपेना, पण हक्क काही सोडवेना. मग रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढून परस्पर माणसं पाठवायला सुरुवात केली.

मुंबईत याचा पुरता घोळ झाला. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढलं आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना आणलं. गोव्याच्या पक्षाने हक्क सोडला नाही. अखेर १७९४ मध्ये इंग्रजांनी मुंबईतली चार चर्च दोघांत दोन-दोन वाटून दिली. एका शहरात एकाच पंथाच्या दोन सत्ता, आणि कुठल्या चर्चमध्ये लग्न लावलं यावरून घराघरांत दोन तट. वाद श्रद्धेचा नव्हताच. सही कोणाची चालणार, एवढाच होता.

वसईची गोष्ट वेगळी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. युरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले आणि किल्ल्यातले मठ ओस पडले. पण किल्ल्याबाहेरची गावं ख्रिस्तीच राहिली. कुपारी, वाडवळ, कोळी वस्त्यांतली चर्च गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळली. वसईची ख्रिस्ती वस्ती तगली याचं बरंचसं श्रेय माझ्या मते याच, इतिहासात फारशी नावं न उरलेल्या, गोमंतकीय पाद्रींना जातं. पोर्तुगीज सत्तेचा आधार गेल्यावर दीडशे वर्षं त्यांनी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), लग्नं आणि अंत्यविधी चालू ठेवले.

१८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. दमणचा वेगळा धर्मप्रांत काढला गेला आणि साष्टी (मुंबईलगतची, गोव्याची नव्हे) आणि वसईची पदरोआदोची चर्च त्यात गेली. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडून तो मुंबईत मिळवला आणि एका जागी एकच बिशप असं ठरलं. पण पोर्तुगालची समजूत काढायला त्यात एक पाचर होती: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा हे पोर्तुगीज आले आणि १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज.

रॉबर्ट्सनी जे केलं ते आजही वाचण्यासारखं आहे. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना मुंबईला परदेशी आर्चबिशप शोभत नाही, हे त्यांनी ओळखलं. पण त्यांनी राजीनामा दिला असता तर कराराप्रमाणे पाळी पोर्तुगीजांची होती. म्हणून १९४६ मध्ये त्यांनी सगळा कारभार सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती दिला आणि ते मुंबईबाहेर राहिले, पद मात्र धरून ठेवलं. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने पाळीचा हक्क सोडला. त्यानंतर रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये तेच भारताचे पहिले कार्डिनल झाले.

२२ मे १९९८ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबईतून वसई वेगळी काढली. थॉमस डाबरे हे पहिले बिशप, आणि पापडीचं कृपामातेचं चर्च हे कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन असतं ते चर्च. आकाराशी त्याचा संबंध नाही. किनाऱ्यावरच्या बागायती गावांपासून उत्तरेला डहाणू-तलासरी आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत हा धर्मप्रांत पसरलेला आहे.

## मग बिशप हा चर्चचा कलेक्टर का?

अनेक जण असंच समजतात: धर्मग्राम म्हणजे तालुका, धर्मप्रांत म्हणजे जिल्हा, बिशप म्हणजे कलेक्टर. हद्दी समजून घ्यायला ही तुलना बरी आहे. अधिकाराच्या बाबतीत ती पार चुकते.

कलेक्टर सरकारच्या वतीने काम करतो, तीन वर्षांत बदलून जातो आणि त्याच्या डोक्यावर आयुक्त असतो. बिशप कोणाच्या वतीने काम करत नाही. आपल्या धर्मप्रांतात कायदे करणं, न्याय देणं आणि कारभार हाकणं हे तिन्ही अधिकार त्याच्या स्वतःच्या हातात असतात. तो सहसा निवृत्तीपर्यंत तिथेच राहतो. डाबरे २००९ मध्ये वसईहून पुण्याला गेले तशा बदल्या होतात, पण नेहमीच्या म्हणून नव्हे. दर पाच वर्षांनी रोमला अहवाल द्यायचा असतो, आणि तो देतो पोपकडे, आर्चबिशपकडे नव्हे.

म्हणूनच मुंबईचा आर्चबिशप वसईचा वरिष्ठ नाही. नंदाखालच्या फादरची बदली त्याला करता येत नाही आणि वसईचा निर्णय तो फिरवू शकत नाही. श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते ना यावर लक्ष ठेवणं, बिघाड दिसला तर रोमला कळवणं, आणि आणीबाणीत एखादी तात्पुरती नेमणूक करणं, इतकंच त्याचं काम.

हे प्रदेश राज्याच्या नकाशाप्रमाणे नसतात हे दक्षिण कोकणात दिसतं. वसई, नाशिक, पुणे मुंबईच्या प्रदेशात. रायगड जिल्हा तर थेट मुंबई महाधर्मप्रांतातच, त्यामुळे रेवदंड्याजवळचं कोर्लईही मुंबईचं. पण सावंतवाडी गोव्याच्या प्रदेशात! सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यातून निघाला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे जिल्हे आणि घाटावर कोल्हापूरकडचा भाग त्यात येतो. पहिले बिशप अल्विन बार्रेटो, कॅथेड्रल सावंतवाडीचं मिलाग्रिस. २००६ मध्ये गोव्याचा प्रदेश तयार झाला तेव्हा सिंधुदुर्ग त्याला जोडला गेला. राज्य महाराष्ट्र, पण सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरांचे सोयरसंबंध, कोंकणी प्रार्थना आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) रीती बांद्याच्या पलीकडे, गोव्याशी जुळतात. ते पाहता हा निर्णय मला रास्तच वाटतो.

## बिशप निवडतात तरी कसा?

निवडणूक नसते, अर्जही नसतात. प्रदेशातले बिशप दर तीन वर्षांनी तरी, बिशप होण्याजोग्या धर्मगुरूंची एक गुप्त यादी करतात. जागा रिकामी होणार असं दिसलं की दिल्लीतले पोपचे राजदूत चौकशी सुरू करतात. निवडक धर्मगुरूंना आणि वाटल्यास जाणत्या प्रापंचिकांनाही (धर्मगुरू नसलेल्या भाविकांनाही) बंद पाकिटातून प्रश्नावली जाते: या माणसाची तब्येत कशी, हिशेबाला चोख आहे का, लोकांशी कसा वागतो, कुणाशी वैर आहे का. उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. विचारणा झाली होती हेदेखील सांगायचं नसतं. मग राजदूत तीन नावं रोमला कळवतात. भारतातल्या आपल्यासारख्या धर्मप्रांतांची नावं तिथल्या धर्मप्रसाराच्या विभागाकडून पोपकडे जातात. पोप त्या तिघांतलाच निवडतील असं बंधन नाही.

अटी मोजक्या आहेत: वय किमान ३५, धर्मगुरू होऊन किमान पाच वर्षं, आणि बायबल, ईश्वरविज्ञान किंवा चर्चचा कायदा यांत वरची पदवी किंवा तेवढा व्यासंग. नेमणुकीचं पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत बिशपपदाची दीक्षा आणि चार महिन्यांत पदग्रहण.

कधी आधीच वारसदार बिशप नेमतात. मुंबईत तसंच झालं. रॉड्रिग्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये वारसाहक्काने नेमले गेले, त्यामुळे ग्रेशस निवृत्त होताच त्यांच्याकडे पद आपोआप आलं. असा वारसदार नसेल आणि बिशपचं निधन झालं किंवा बदली झाली, तर धर्मप्रांतातल्या सल्लागार धर्मगुरूंनी आठ दिवसांत एक प्रशासक निवडायचा. ते जमलं नाही तर नेमणूक आर्चबिशप करतो. वर म्हटलेली आणीबाणी ती हीच. प्रशासकाने मोठे फेरबदल करायचे नाहीत असा नियम आहे. त्यामुळे खुर्ची रिकामी असताना महत्त्वाची कामं अडतात, आणि लोक कंटाळून ‘बिशप कधी येणार’ विचारत राहतात.

## म्हणजे परदेशातून नेमणूक होते, हे चालतं कसं?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेवटची सही रोमची असते, हे खरं आहे. पण इतिहास उलटा वाचा. परदेशी सरकारचा हात होता तो १९५० पर्यंत. आज कुठल्याच सरकारचा नाही, आपल्याही नाही. राज्यघटनेच्या २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मपंथाला धर्माच्या बाबी स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे, तो यालाही लागू. आणि नेमलेली माणसं बहुधा इथलीच असतात: डाबरे आणि मच्याडो दोघेही मूळचे वसईचे.

खरी उणीव दुसरीकडे आहे. साध्या भाविकाला या निवडीत म्हणणं मांडायची ठरलेली जागा नाही. धर्मग्राम परिषद असते, पण ती सल्ला देते. धर्मग्रामाची अर्थसमिती मात्र चर्चच्या कायद्याने सक्तीची आहे. आपल्या चर्चचा हिशेब विचारायचा असेल तर प्रश्न तिथे न्यावा.

## चर्चची जमीन कोणाची? पोपची?

नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे मालमत्ता ज्या संस्थेने मिळवली तिची, म्हणजे धर्मग्रामाची धर्मग्रामाकडे, धर्मप्रांताची धर्मप्रांताकडे. देशाच्या कायद्याप्रमाणे पाहायचं तर महाराष्ट्रात अशा विश्वस्त संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो, आणि त्याच्या ३६ व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. म्हणजे कुलपं दोन. मोठ्या विक्रीसाठी बिशपलाही अर्थसमितीची आणि सल्लागार धर्मगुरूंची संमती लागते. रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर रोमचीही.

नावावरून मात्र फसू नका. बसीन कॅथलिक बँक १९१८ मध्ये पतपेढी म्हणून सुरू झाली. तिच्यामागे धर्मगुरूंचा पुढाकार होता, पण ती सभासदांची सहकारी बँक आहे, धर्मप्रांताची नव्हे. तलासरीत काम करणारे जेझुइट फादर बिशपच्या परवानगीने तिथे आहेत, पण त्यांचा संघ वेगळा आणि बदल्याही संघच करतो. गावच्या नाक्यावरचा क्रूस तर पुष्कळदा गावकऱ्यांचा किंवा एखाद्या कुटुंबाचा असतो. रस्तारुंदीत तो गेला की भरपाई कोणाची यावर वाद होतो, कारण सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच निघतं.

उलट धर्मप्रांताचं म्हणावं असं बरंच काही डोळ्यांसमोर असून लक्षात येत नाही. गिरीजच्या जीवन दर्शन केंद्रातून निघणारं ‘सुवार्ता’ मासिक घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षं ते संपादित केलं. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईत मिस्सा, प्रवचन आणि गायन मराठीत होतं म्हणून हे घडू शकलं. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होती.

## तुमचं काम पडतं ते नोंदवहीशी

बिशप कोण आहे याने रोजच्या आयुष्यात फार फरक पडत नाही. पडतो तो धर्मग्रामाच्या नोंदवहीने. स्नानसंस्कार, लग्न, मृत्यू या तीन वह्या प्रत्येक धर्मग्रामाला ठेवाव्याच लागतात, आणि त्यांतली पहिली सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात नाव, आईवडील, धर्ममातापिता, जन्माची आणि संस्काराची तारीख असते, शिवाय कडेला एक रिकामी पट्टी. पुढे दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, धर्मगुरूची दीक्षा घेतली, की ते त्या पट्टीत लिहितात. लग्न पुण्याला झालं तरी तिथल्या फादरने नंदाखालला कळवायचं आणि नोंद नंदाखालच्या वहीत पडायची.

यामुळेच लग्नाआधी स्नानसंस्काराचा ‘ताजा’ दाखला मागतात, सहसा सहा महिन्यांच्या आतला. घरातला लॅमिनेट केलेला जुना कागद चालत नाही, कारण त्यावर कडेची पट्टी कोरी असते. माणूस आधी विवाहित आहे का, हे ताज्या उताऱ्यातच दिसतं.

दाखला काढायला आधी धर्मग्राम पक्का करा. आज घर ज्या चर्चच्या हद्दीत आहे तिथे संस्कार झाला असेलच असं नाही. नवा धर्मग्राम निघतो तेव्हा जुन्या वह्या मूळ चर्चमध्येच राहतात, त्यामुळे आजोबांची नोंद शोधायला मातृधर्मग्रामात जावं लागतं. सोबत नाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि निदान साल घेऊन जा. नुसतं ‘डिसोजा, साठच्या आसपास’ असं सांगितलं तर वहीत एका पानावर चार सापडतील. जुन्या वह्यांत नावं पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाची असतात, हे लक्षात ठेवा. घरात जोसेफ म्हणून वाढलेला माणूस वहीत जुझे म्हणून असेल.

चूक असेल तर फादर खोडून दुरुस्त करत नाहीत, आणि त्यांनी करूही नये. जन्मदाखला, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज बिशपच्या कार्यालयात जातो. तिथली परवानगी आली की मूळ नोंद तशीच ठेवून बाजूला दुरुस्ती लिहितात. त्याला वेळ लागतो. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

हा दाखला सरकारी जन्मदाखल्याची जागा घेत नाही, दोन्ही वेगळे. तसंच लग्नाचं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे चर्चमध्ये लागलेलं लग्न देशाच्या कायद्यानेही लग्न असतं. पण ते मुळातच झालं नव्हतं असा निकाल धर्मप्रांताच्या न्यायासनाने दिला, तरी दिवाणी कायद्याच्या नजरेत नवरा-बायको नवरा-बायकोच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून ज्यांना पुन्हा लग्न करायचं आहे त्यांनी चर्चचा निकाल आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, दोन्ही हातात आल्याशिवाय हॉल बुक करू नये.